अत्युच्च तापमानी रूपांतरण : निदर्शक खनिजसमुच्चय

भूकवचातील खडकांचे ९००° से. पेक्षा अधिक तापमानाला व साधारणपणे ७ ते १३ किलोबार (१ किलोबार म्हणजे सुमारे १,००० वातावरण) दाबाखाली होणारे प्रादेशिक रूपांतरण (विस्तृत प्रदेशातील खडकांच्या खनिजांत व पोतात उष्णता व दाबामुळे होणारा बदल). ग्रॅन्युलाइट संलक्षणीचा (उच्च तापमानाला घडलेल्या रूपांतरित खडकांच्या गटाचा) हा सर्वांत तप्त भाग होय. गार्नेट व पायरोक्सीन या खनिजांमधील लोह-मॅग्नेशियम विनिमयावरून (अणूंच्या अदलाबदलीवरून) काढलेले तापमान येथे सहसा कमी भरते, कारण खडक निवताना हा विनिमय चालूच राहतो. म्हणून खनिजांच्या सहअस्तित्वावर आणि ऑर्थोपायरोक्सिनातील (पायरोक्सिनाच्या एका प्रकारातील) ॲल्युमिनियमच्या प्रमाणावर भर दिला जातो.

सॅफिरीन (मॅग्नेशियम व ॲल्युमिनियम यांचे एक सिलिकेट खनिज) व क्वॉर्ट्झ ही जोडी सर्वांत विश्वसनीय समजली जाते. नुसते सॅफिरीन पुरेसे नाही; सिलिका कमी असलेल्या खडकांत ते बऱ्याच कमी तापमानालाही तयार होते. अंटार्क्टिकातील एंडरबी लँड येथील ग्रॅन्युलाइटात ही जोडी भूवैज्ञानिक डॅलविट्झ यांनी १९६८ मध्ये नोंदविली. तेथील नेपियर संकुल या खडकसमूहातील रूपांतरण सुमारे २.५ अब्ज वर्षांपूर्वीचे असावे. पातळ छेदात (सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी घासून पातळ केलेल्या खडकाच्या कापात) निळसर सॅफिरीन व क्वॉर्ट्झ यांचे कण एकमेकांना थेट भिडलेले दिसले, तरच पुरावा ग्राह्य धरतात. पुष्कळदा दोहोंमध्ये सिलिमनाइट व ऑर्थोपायरोक्सीन यांची बारीक किनार आढळते. ती निवण्याच्या काळातील विक्रियेची खूण असते.

ऑर्थोपायरोक्सीन-सिलिमनाइट-क्वॉर्ट्झ हा समुच्चय तसेच ऑसुमिलाइट हे सिलिकेट खनिज हेही निदर्शक आहेत. ऑसुमिलाइट मात्र निवताना सहज विघटित होते व मागे कॉर्डिएराइट, पोटॅश फेल्स्पार, क्वॉर्ट्झ व ऑर्थोपायरोक्सीन यांचे सूक्ष्म मिश्रण उरते. स्पिनेल-क्वॉर्ट्झ जोडीवर एकटीवर विसंबू नये : स्पिनेलात जस्त किंवा फेरिक लोह असल्यास ती कमी तापमानालाही स्थिर राहते. ऑक्सिडीभूत खडकांत सॅफिरीन-क्वॉर्ट्झलाही हीच शंका लागू पडते, असे अलीकडील प्रावस्था-समतोलाच्या (कोणत्या दाब-तापमानाला कोणती खनिजे एकत्र स्थिर राहतात याच्या) गणितांवरून दिसते. त्यामुळे मॅग्नेटाइट वा हेमॅटाइट विपुल असलेल्या नमुन्यांबाबत ९००° से. ही मर्यादा जपूनच वापरलेली बरी.

भारतात पूर्व घाटातील विजयनगरम, अनकापल्ली व पाडेरू या परिसरांत, तसेच तमिळनाडूतील मदुराई भूकवचखंडात असे खडक आढळतात. पूर्व घाटातील रूपांतरण बहुधा १ अब्ज वर्षांच्या आसपासचे आहे. तेथील दाब-तापमान मार्ग (खडकाचे दाब व तापमान कसे बदलत गेले ते दाखविणारी आलेखावरील रेषा) घड्याळाच्या दिशेने की उलट, याविषयी मतभेद आहेत. प्रथम तापून नंतर दाब वाढल्याचा व पुढे जवळजवळ स्थिर दाबाखाली निवल्याचा, म्हणजे उलट दिशेचा, अर्थ खनिजांच्या किनारींशी अधिक जुळतो.