ऑपेराची हुकलेली खुर्ची : ‘शेव्हालिए’ चित्रपटामागचा इतिहास

स्टीफन विल्यम्स दिग्दर्शित ‘शेव्हालिए’ (२०२२) सुरू होतो तोच एका जुगलबंदीने. मोझार्ट पॅरिसमध्ये वाजवतोय, प्रेक्षकांतून एक कृष्णवर्णीय तरुण उठून व्हायोलिन मागतो आणि बघता बघता मोझार्टला झाकून टाकतो. प्रसंग झकास, पण पूर्णपणे रचलेला. १७७८ मध्ये दोघंही पॅरिसमध्ये होते, एवढाच त्याला इतिहासाचा आधार. शिवाय हा तरुण, म्हणजे ज्याला आज सर्रास ‘ब्लॅक मोझार्ट’ म्हटलं जातं तो संगीतकार जोसेफ बोलोन, मोझार्टपेक्षा दहा वर्षांनी मोठा होता. मोझार्ट पॅरिसला आला तेव्हा स्वतःचं नाव करायला धडपडत होता; बोलोनचं नाव तिथे केव्हाच झालेलं होतं.

बोलोनचा जन्म १७४५ चा, कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप या फ्रेंच वसाहतीतला. बाप जॉर्ज हा उसाच्या मळ्यांचा मालक आणि आई नॅनॉन त्याच घरातली गुलाम. अशा मुलांना मळ्यावरच राबवायचं किंवा विकून टाकायचं, हा तिथला रिवाज. जॉर्जने मात्र मुलाला सात-आठ वर्षांचा असताना फ्रान्सला आणलं आणि तेराव्या वर्षी ला बोएसिएर यांच्या तलवारबाजीच्या शाळेत घातलं. पोरगा तयार झाला. रूआँचा तलवारबाजीचा शिक्षक पिकार याने त्याला वर्णावरून डिवचलं, तेव्हा लढतीत त्याने पिकारला हरवलं. पुढे त्याला राजाच्या रक्षकदलात जागा मिळाली आणि तो ‘शेव्हालिए (म्हणजे ‘नाइट’) द सँ-जॉर्ज’ म्हणवून घेऊ लागला.

मानमरातब मिळाला, वारसाहक्क मात्र नाही. विवाहबाह्य जन्म आणि आईची गुलामी यांमुळे बापाची सरदारकी त्याच्याकडे येणं शक्यच नव्हतं. १७७७ मध्ये तर फ्रान्सने कृष्णवर्णीयांना देशात प्रवेशबंदी करणारा हुकूम काढला आणि आधीपासून राहणाऱ्यांना सरकारदरबारी नोंद करायला लावली. पुढच्याच वर्षी गोऱ्यांशी त्यांच्या लग्नावर बंदी आली. ज्या दिवाणखान्यांत सँ-जॉर्जला आग्रहाने बोलावणी येत, त्यांतल्या कुठल्याही घरचा तो जावई होऊ शकत नव्हता. चित्रपटातल्या प्रेमकथेत कल्पनेचा भाग बराच आहे, पण तिच्या आड येणारी भिंत खरी होती.

संगीतात तो पुढे आला गोसेक या संगीतकाराच्या ‘कॉन्सेर देझामातर’ या ऑर्केस्ट्रातून. १७७२ मध्ये त्याने तिथे स्वतःचेच व्हायोलिन कॉन्चेर्तो (ऑर्केस्ट्राच्या साथीने एका वादकाने वाजवायच्या रचना) वाजवले आणि पुढच्या वर्षी गोसेक गेल्यावर ऑर्केस्ट्राची सूत्रं त्याच्याकडे आली. हे कॉन्चेर्तो ऐकताना एक गोष्ट लगेच जाणवते : व्हायोलिन सर्वांत जाड तारेवरून एकदम झेप घेतं ते थेट पातळ तारेच्या अगदी वरच्या सुरांवर, आणि तिथून तितक्याच सहज खाली उतरतं. वादकाचा डावा हात पट्टीवर सारखा पळत असतो. तलवारबाजाचं मनगट इथे कामी आलं असावं, असं म्हणायचा मोह मलाही आवरत नाही. पण संथ भागांत हाच माणूस मोजक्या सुरांत जे बोलतो, ते मला जास्त आवडतं. फ्रान्समध्ये स्ट्रिंग क्वार्टेट हा चार तंतुवाद्यांसाठीच्या रचनेचा प्रकार नवा होता तेव्हा तो लिहिणाऱ्या पहिल्या काही जणांतही त्याचं नाव आहे.

१७७६ च्या सुमारास पॅरिस ऑपेरा या संगीतनाट्य संस्थेच्या संचालकपदासाठी त्याचं नाव पुढे आलं. त्या काळी फ्रान्सच्या संगीतात याहून मोठी जागा नव्हती. तेव्हा ऑपेराच्या तीन तारका, सोफी आर्नू आणि रोझाली लव्हासर या गायिका व नर्तकी गिमार, थेट राणी मारी आंत्वानेतकडे अर्ज घेऊन गेल्या. एका ‘म्युलाटो’च्या, म्हणजे मिश्रवर्णीयाच्या, हाताखाली काम करणं आमच्या प्रतिष्ठेला आणि नाजूक सदसद्विवेकबुद्धीला मानवणार नाही, असा त्या अर्जाचा सूर. राणीपुढे पेच नको म्हणून सँ-जॉर्जने स्वतःच माघार घेतली. जागा कुणा प्रतिस्पर्ध्याला मिळाली असंही नाही. ऑपेराचा कारभार राजाच्या खात्याकडेच गेला. चित्रपटात या प्रसंगाची ग्लुक या नामवंत ऑपेरा संगीतकाराबरोबरची स्पर्धा होते. मला खरी घटना जास्त झोंबते. तिथे सँ-जॉर्जला कुणी हरवलंच नाही, त्याची परीक्षा घेण्याचीही कुणाला गरज वाटली नाही.

त्यानंतर तो ऑपेरा लिहीत राहिला. त्यांतला १७८० चा ‘लामाँ आनोनिम’ एवढाच पूर्ण टिकला आहे. देझामातर पैशाअभावी १७८१ मध्ये बंद पडलं, तेव्हा तो ‘लोज ओलँपिक’च्या ऑर्केस्ट्राकडे वळला. हायडन या ऑस्ट्रियन संगीतकाराच्या सहा ‘पॅरिस सिंफनी’ याच ऑर्केस्ट्रासाठी लिहिल्या गेल्या. एकेका सिंफनीला २५ लुई मोहरा आणि छपाईच्या हक्काचे ५ वेगळे; हायडनसाठी ही रक्कम डोळे विस्फारणारी होती.

१७८९ च्या फ्रेंच क्रांतीनंतरचा भाग चित्रपट जवळजवळ सोडूनच देतो. १७९२ मध्ये कृष्णवर्णीय सैनिकांची एक तुकडी उभी राहिली, तिचा कर्नल सँ-जॉर्ज होता आणि त्याच्या हाताखालच्या अधिकाऱ्यांत कादंबरीकार अलेक्सांद्र द्यूमाचे वडील होते. पुढच्याच वर्षी क्रांतिकारी सरकारने सँ-जॉर्जला पदावरून काढलं आणि जवळपास वर्षभर तुरुंगात ठेवलं. जून १७९९ मध्ये तो पॅरिसमध्ये वारला.

मग विसर कसा पडला? नेपोलियनने त्याच्या संगीतावर बंदी घातली, असं ठामपणे सांगितलं जातं. मला ते फार सोयीचं उत्तर वाटतं. आश्रय देणारे सरदार क्रांतीत संपले, बेथोव्हेननंतर रसिकांची आवडच पालटली आणि गोसेकसारखी गोरी माणसंही मागे पडली. पण गोसेकला इतिहासाच्या पुस्तकांत निदान संगीतकार म्हणून जागा राहिली. सँ-जॉर्ज उरला तो तलवारबाजीच्या किश्श्यांपुरता. गुलामगिरी मात्र नेपोलियनने १८०२ मध्ये खरोखरच परत आणली, आणि ग्वादलूपमधला उठाव चिरडणाऱ्या जनरल रिशपांसच्या नावाचा एक रस्ता पॅरिसमध्ये होता. या शतकाच्या सुरुवातीला शहराने ती पाटी उतरवली. आता त्या रस्त्याला शेव्हालिए द सँ-जॉर्जचं नाव आहे.