गोदाकाठी, जमिनीखाली पंधरा मीटर

नाशिकचं सांडपाणी तपोवन किंवा आगरटाकळीच्या मलशुद्धीकरण केंद्राकडे निघतं, ते बरंचसं स्वतःच्या वजनाने. वेग सेकंदाला साधारण ६० सेंटिमीटरच्या खाली गेला की वाळू तळाशी बसते आणि लाइन तुंबते, म्हणून पाइपला उतार द्यावाच लागतो. ५०० मीटरला १ मीटर उतार धरला, तर सपाट भागात ४ किलोमीटरवर पाइप ८ मीटर आणखी खोल गेलेला असतो. तिथे खोल विहिरीत मैलापाणी गोळा करून पंपाने वर उचलण्याशिवाय गत्यंतर नाही. हे सगळे उतार येऊन मिळतात गोदावरीच्या, नासर्डीच्या नाहीतर वालदेवीच्या काठाशी. खोदकामाला शहरातली सर्वांत अवघड जागाही नेमकी तीच.

खाली काळा पाषाण आहे, मग भीती कसली, असं वाटेल. पण विहीर खणणाऱ्या कोणालाही विचारा: माती, मुरूम, मांजऱ्या खडक, पाषाण, आणि मध्येच गेरूसारखा लाल थर. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. दोन थरांच्या मधल्या काळात खालच्याचा माथा झिजून जी माती झाली, ती हीच. पाणी लागलं की ती मऊ पडते. काठावर याच्याही वर नदीने आणलेला गाळ, वाळू आणि गोटे असतात. गंगापूरजवळ गोदावरीच्या अशाच जुन्या थरांत पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया यांना अश्मयुगीन हत्यारं सापडली होती. पुरातत्त्वाला हे थर मोलाचे. अभियंत्याला मात्र ते नडतात, कारण त्यांतून नदीचं पाणी थेट खड्ड्यात येतं.

म्हणून इथे उघडा खड्डा न घेता विहीर बुडवतात. काँक्रीटचं गोल कडं जमिनीवरच ओततात, त्याच्या खालच्या काठाला पोलादी धार असते. आतली माती उपसत गेलं की कडं स्वतःच्या वजनाने उतरतं, आणि वर नवं कडं चढवतात. एका बाजूला पाषाण आणि दुसरीकडे वाळू लागली की विहीर कलते. कललेली विहीर सरळ करणं फार जिकिरीचं असतं, म्हणून आधीच परिघावर चारी बाजूंनी बोअर घेऊन थर तपासायला हवेत. मध्यभागी एकच बोअर घेऊन पैसे वाचवणं मला अक्षम्य वाटतं.

आतलं पाणी घाईने उपसलं तर बाहेरच्या दाबाने तळातून वाळू उसळते आणि शेजारची जमीन खचते. त्यामुळे वाळूत पाणी आत तसंच ठेवून, पाण्याखालीच खोदतात आणि तळाचं काँक्रीटही पाइपने पाण्याखालीच ओततात.

खरं संकट त्यानंतरचं. रिकामी बादली पाण्यात दाबली की ती हाताला वर ढकलते, तेच इथे घडतं. बाहेरून १० मीटर व्यासाची विहीर भूजलात १० मीटर खोल असेल, तर पाणी तिला सुमारे ७८५ टन जोराने वर रेटतं. ६० सेंटिमीटर जाडीच्या भिंती आणि १ मीटर जाडीचा तळ धरला, तर या भागाचं वजन भरतं जेमतेम ६०० टन. म्हणजे पक्कं बांधकाम तरंगू शकतं! मग तळ जाड करतात, त्याची कड बाहेर काढून तिच्यावर माती चढवतात किंवा पोलादी सळ्या पाषाणात खोल रुतवून विहीर जखडतात. इथे नाशिकचा काळा दगड उपयोगी पडतो.

विहीर मोठी बांधून मैलापाणी बराच वेळ साठवावं, तर तेही चालत नाही. साचलेल्या मैल्यात हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. तो माणसाचा जीव घेतो, आणि ओल्या काँक्रीटवरचे जिवाणू त्यापासून सल्फ्युरिक आम्ल बनवून भिंत खातात. म्हणून पाणी अर्ध्या तासाहून जास्त थांबू नये, असा बेत असतो. त्यामुळे वीज गेली की हाताशी वेळही तेवढाच उरतो, नंतर मैला गोदेत. गोदाकाठची दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती पाण्याखाली जाण्याइतका पूर नाशिकने २००८, २०१६ आणि २०१९ साली पाहिला आहे. पंप खाली असले तरी विजेचे पॅनेल आणि जनरेटर पूररेषेच्या वरच हवेत, आणि तिथवर पोहोचणारा रस्ताही.