गाठ एक, चाचण्या दोन कशासाठी?

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या रिपोर्टवर हल्ली एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२, एमएसएच६ अशी चार नावं दिसतात. कधी त्याखाली ‘जनुकीय तपासणी करावी’ असा शेराही असतो. ऑपरेशन झालं, गाठ निघाली, मग आता हे काय, असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. पण त्या शेऱ्यामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

१८९५ साली अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाचे पॅथॉलॉजिस्ट ऑल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणारी बाई म्हणाली, आमच्या घरात बहुतेक जण कर्करोगानेच गेले, मीही तशीच लवकर जाणार. आणि ती गेलीही, गर्भाशयाच्या कर्करोगाने. वॉर्थिन यांनी तिचं बोलणं वाऱ्यावर सोडलं नाही. तिच्या नातलगांची माहिती जमवून १९१३ मध्ये त्यांनी त्या घराण्याची वंशावळ छापली. पुढची पन्नास वर्षं तिची फारशी दखल कुणी घेतली नाही. १९६६ मध्ये अमेरिकेतल्याच ओमाहा शहरातले डॉक्टर हेन्री लिंच यांनी अशीच आणखी दोन कुटुंबं पुढे आणली. घराण्यात उतरणारा हा आजार आज त्यांच्याच नावाने, लिंच सिंड्रोम म्हणून, ओळखला जातो.

कारण सापडायला १९९३ उजाडलं. पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते आणि जिथे तेच ते अक्षर ओळीने येतं तिथे हटकून चूक होते. ती दुरुस्त करणारी प्रथिनं म्हणजेच रिपोर्टवरची ती चार नावं. ती नसली की या ओळींची, म्हणजे मायक्रोसॅटेलाइटची, लांबी बदलत जाते. हीच मायक्रोसॅटेलाइट अस्थिरता. त्याच वर्षी एमएसएच२ हे जनुक हाती लागलं, पुढच्या वर्षी एमएलएच१. आता गाठीच्या डीएनएत चुकांचा माग काढता येऊ लागला, आणि प्रथिन आहे की नाही हे रंग देऊन पाहताही येऊ लागलं.

ती स्लाइड एकदा तरी पाहावी अशी असते. प्रथिन असलेलं केंद्रक तपकिरी, नसलेलं नुसतं निळं. गाठीच्या पेशी निळ्या आणि त्यांच्यामधोमध लिम्फोसाइट, म्हणजे निरोगी पांढऱ्या पेशी, तपकिरी, म्हणजे प्रथिन खरोखरच गायब आहे. लिम्फोसाइटही निळे असतील तर रंगच नीट चढलेला नाही, चाचणी पुन्हा करायची. नावं जोडीने जातात हेही महत्त्वाचं. एमएलएच१ गेलं की पीएमएस२ टिकत नाही, एमएसएच२ गेलं की एमएसएच६.

तरीही नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही. एमएलएच१ नाहीसं होण्याचं बरंचसं कारण आनुवंशिक नसतं. वाढत्या वयात त्या जनुकावर रासायनिक टोपण बसतं आणि ते गप्प होतं. म्हणून गाठीतलं बीआरएएफ हे जनुक आणि ते टोपण, म्हणजे मिथायलेशन, यांची तपासणी करतात. उलटही घडतं: प्रथिन जागेवर असतं, रंग घेतं, पण काम करत नाही. तिथे स्लाइड फसवते आणि डीएनएची चाचणी खरं सांगते. शेवटचा निकाल रक्तातल्या जनुकांवरून लागतो, कारण दोष आनुवंशिक असेल तर सख्ख्या भावंडांत आणि मुलांत तो असण्याची शक्यता निम्मी असते. त्यांची कोलोनोस्कोपी वेळेवर सुरू झाली तर गाठ होण्याआधीच पॉलिप काढता येतो.

२०१७ मध्ये याच दोषावर बोट ठेवून अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या कर्करोगावरच्या औषधाला मान्यता मिळाली, मग गाठ शरीरात कुठेही असो. त्यामुळे हा रिपोर्ट आता उपचारही ठरवतो.

वॉर्थिन यांच्या त्या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घराण्यातला दोष शतकभरानंतर सापडला. तो एमएसएच२ मध्ये होता.