मंडळ नोटीस देतं, मग दंड का करत नाही? या प्रश्नामागचा पन्नास वर्षांचा प्रवास

उन्हाळ्यात पंचगंगेचं पाणी कमी झालं की आमच्या शिरोळकडच्या बंधाऱ्यांवर केंदाळ अडकतं, पाणी काळं पडतं आणि मग एखाद्या सकाळी मासे मरून वर आलेले दिसतात. फोटो ग्रुपवर फिरतात, प्रदूषण मंडळाची माणसं बाटल्या घेऊन येतात, पंचनामा होतो, दोन-चार ठिकाणी नोटिसा जातात, आणि पारावर दर वेळी तोच प्रश्न येतो, अहो नुसती नोटीस काय देताय, दंड ठोका की! प्रश्न अगदी रास्त आहे. पण त्याचं खरं उत्तर कायद्याच्या इतिहासात आहे आणि ते फार कमी लोकांना माहीत असतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितोय.

सुरुवात इंग्रजांच्या काळापासून करावी लागेल. तेव्हा पर्यावरण हा शब्दच कायद्यात नव्हता, जे होतं ते उपद्रवाचं कलम. १८६० च्या दंड संहितेत कलम २७७ होतं, सार्वजनिक झऱ्याचं किंवा हौदाचं पाणी घाण केलं तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५०० रुपयांपर्यंत दंड. मुंबईत गिरण्यांच्या धुराचा त्रास वाढला तेव्हा १९१२ साली धुराच्या उपद्रवाचा वेगळा कायदा आला. म्हणजे त्रास झाला की तक्रार करा, कोर्टात जा, तिथे सिद्ध करा. कारखाना सुरू होण्याआधीच त्याला अटी घालायच्या, नंतर जाऊन तपासणी करायची, हे काम करणारं कुठलं स्वतंत्र खातंच नव्हतं.

या बाबतीत महाराष्ट्र दिल्लीच्या आधी जागा झाला, आणि याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १९६९ साली राज्याने स्वतःचा जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा केला आणि ७ सप्टेंबर १९७० ला त्याखाली मंडळ स्थापन झालं. स्टॉकहोमची ती गाजलेली पर्यावरण परिषद, जिथे इंदिरा गांधी बोलल्या, ती १९७२ ची, म्हणजे आपलं मंडळ त्याच्याही दोन वर्षं आधीचं. केंद्राचा जल कायदा आला १९७४ ला. पाणी हा राज्यांचा विषय असल्यामुळे संसदेला तो थेट देशभर लावता येत नव्हता, राज्यघटनेच्या कलम २५२ खाली राज्यांनी आधी ठराव करायचे आणि मग संसदेने कायदा करायचा असा तो मार्ग. गुजरात, कर्नाटक, केरळ, बिहार अशी १२ राज्यं पहिल्या यादीत होती, महाराष्ट्र नव्हता, कारण आपल्याकडे आपला कायदा चालू होता. आपण केंद्राचा कायदा स्वीकारला १ जून १९८१ ला. हवेचा कायदा १९८१ चा, तो आपल्याकडे १९८३ पासून ठराविक भागांना लागला आणि संपूर्ण राज्याला लागायला १९९६ उजाडलं.

आता मुद्द्याचं. या १९७४ च्या कायद्याने मंडळाला नेमकं काय दिलं? एक म्हणजे संमतिपत्र, ज्याला सगळे कन्सेंट म्हणतात. सांडपाणी सोडायला लागायच्या आधी ते घ्यायचं (कारखाना उभारायच्या आधीचं वेगळं संमतिपत्र १९८८ च्या दुरुस्तीने आलं), आणि त्यात किती पाणी सोडायचं, कुठे सोडायचं, त्यात काय किती असायला हवं ते सगळं लिहिलेलं. नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचे सर्वसाधारण निकष बघितले तर पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कली) ५.५ ते ९, बीओडी लिटरला ३० मिलिग्रॅमच्या आत, सीओडी २५० च्या आत (ही दोन्ही पाण्यातली घाण किती ऑक्सिजन खाते त्याची मापं). दुसरी गोष्ट, आत शिरून तपासणी करायचा आणि सॅम्पल घ्यायचा अधिकार. तिसरी, कोर्टात खटला भरायचा अधिकार. आणि बस. दंड ठरवायचा अधिकार मंडळाला दिलाच नव्हता, तो न्यायाधीशाचा. नदीत घाण सोडल्याबद्दल मूळ कायद्यात किमान ६ महिने आणि जास्तीत जास्त ६ वर्षं कैद होती, १९८८ ला किमान शिक्षा दीड वर्ष केली, कागदावर बघितलं तर जबरदस्त कडक. पण तिथवर पोचायचं तर गुन्हा फौजदारी पद्धतीने सिद्ध व्हायला पाहिजे.

आणि इथे ते सॅम्पल महत्त्वाचं ठरतं. कोर्टात पुरावा म्हणून टिकायचं असेल तर कलम २१ ची पद्धत पाळावी लागते: तिथल्या तिथे कारखान्याच्या माणसाला नोटीस द्यायची, त्याच्यासमोर सॅम्पलचे दोन भाग करायचे, सील करायचे, दोघांच्या सह्या घ्यायच्या, ठरलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचे. यातली एक पायरी चुकली की वकील तिथेच पकडणार, मग नाल्यातलं पाणी कितीही लाल-पिवळं असो. मंडळाच्या रोजच्या भाषेत जेव्हीएस हा शब्द तुम्ही ऐकला असेल, जॉइंट व्हिजिलन्स सॅम्पल, कारखान्याच्या प्रतिनिधीबरोबर घेतलेलं. गावातली पोरं बाटलीत पाणी भरून घेऊन जातात आणि त्यावर काहीच होत नाही म्हणून चिडतात, त्यांची चीड मला समजते, पण ती बाटली कोर्टात का चालत नाही त्याचं कारण हे कलम आहे.

शिवाय तेव्हा कारखाना बंद करायचा असेल तरी, अगदी आणीबाणीची वेळ सोडली तर, मंडळाला कलम ३३ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून मनाई हुकूम मागावा लागायचा. तोवर पाणी वाहतच राहायचं.

हे बदललं ते भोपाळमुळे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ ची ती रात्र, हजारो माणसं गेली, आणि देशाला कळलं की कायदे आहेत पण वेळेवर हात घालायची ताकद कुणाकडे नाही. १९८६ ला पर्यावरण संरक्षण कायदा आला, त्यात कलम ५, म्हणजे थेट आदेश द्यायचा अधिकार. त्याच धर्तीवर १९८७ ला हवेच्या कायद्यात ३१अ आणि १९८८ ला पाण्याच्या कायद्यात ३३अ घातलं. माझ्या मते पन्नास वर्षांतला सगळ्यात मोठा बदल हाच. आता मंडळ कोर्टात न जाता स्वतः सांगू शकत होतं की कारखाना बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा. त्याच १९८८ च्या दुरुस्तीने अजून एक गोष्ट दिली जी लोक विसरतात: मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन कुणीही साधा नागरिक स्वतः कोर्टात तक्रार दाखल करू शकतो.

तेव्हापासून जी पद्धत पडली ती आजही दिसते. तपासणी, रिपोर्ट खराब आला की कारणे दाखवा नोटीस, मग प्रस्तावित आदेश, त्यावर म्हणणं मांडायला १५ दिवस (फारच गंभीर असेल तर ही मुदत न देताही आदेश काढता येतो), मग क्लोजर म्हणजे कारखाना बंदचा आदेश, आणि त्याची प्रत थेट वीज कंपनीला आणि एमआयडीसीला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तळोज्यात कासाडी नदीच्या भागात निळी झालेली कुत्री दिसली होती, ते फोटो जगभर गेले. तिथे रंग वापरणाऱ्या एका कारखान्यावर मंडळाने हेच हत्यार चालवलं, बंदचा आदेश आणि पाणी तोडायची सूचना, कोर्टाची पायरी न चढता, काही दिवसांत. १९८८ च्या आधी हे इतक्या पटकन झालंच नसतं.

पण या हत्याराला मधला गिअरच नाही. एकतर नोटीस, नाहीतर एकदम बंद. बंद केलं की कामगारांचा पगार थांबतो, दबाव येतो, कारखानदार सुधारणा केल्याचं सांगून पुन्हा चालू करायची परवानगी मागतो, ती अटींवर मिळते. हा मधला भाग भरून काढायला मंडळांनी बँक गॅरंटीची पद्धत आणली, म्हणजे अमुक मुदतीत ईटीपी (कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र) दुरुस्त करा, तोवर इतक्या लाखांची गॅरंटी ठेवा, नाही केलं तर जप्त. पण कायद्यात याचा स्पष्ट उल्लेख नव्हता, आणि पुढे वाद झाला तो त्यावरच.

दरम्यान पैशाचा विचार कोर्टातून आला. १९९६ साली सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल आले, फेब्रुवारीत राजस्थानातल्या बिछडीचा, जिथे रासायनिक कारखान्यांनी विहिरी नासवल्या होत्या, आणि ऑगस्टमध्ये तमिळनाडूतल्या चामड्याच्या कारखान्यांचा म्हणजे वेल्लोरचा. जो घाण करेल तो भरेल, नुसती नुकसानभरपाई नाही तर माती-पाणी पूर्ववत करायचा खर्चसुद्धा, हे तत्त्व तिथे पक्कं झालं. २०१० ला राष्ट्रीय हरित लवाद आला आणि या तत्त्वाला घर मिळालं, पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात असल्यामुळे आपल्या लोकांना दिल्लीला जावं लागत नाही. तारापूर एमआयडीसीच्या पाण्याने खाडी आणि समुद्र नासतोय म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने, म्हणजे मासेमारी करणाऱ्या लोकांनी, लवादात केस लावली आणि वर्षानुवर्षं चिकाटीने लढवली, त्यात अनेक कारखान्यांचं सांडपाणी एकत्र शुद्ध करणारं सामाईक प्रक्रिया केंद्र आणि कारखाने दोघांवर भरपाई बसली. मला ही केस फार मोठी वाटते, कारण ज्यांचं जाळं रिकामं यायला लागलं तेच लोक त्यात अर्जदार होते.

पुढे लवादाच्या आदेशावरून केंद्रीय मंडळाने पर्यावरण भरपाईचं सूत्र बनवलं. कारखाना लाल, नारिंगी की हिरव्या गटात (लाल म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणारा) त्यावर ८०, ५० किंवा ३० गुण, त्याला गुणिले किती दिवस नियम मोडला, गुणिले एक ठराविक रक्कम जी साधारण २५० रुपये धरतात, गुणिले कारखान्याचा आकार (लहान ०.५, मध्यम १, मोठा १.५), गुणिले जवळच्या शहराच्या लोकसंख्येचा गुणांक. म्हणजे लाल गटातला मोठा कारखाना, आणि शहर १० लाखांच्या आतलं असेल, तर दिवसाला ३० हजार, ६० दिवस नियम मोडला तर १८ लाख. कमीत कमी दिवसाला ५ हजार. लहान युनिटला हे चांगलंच जाणवतं, मोठ्या कारखान्याला मात्र हा आकडा पुरेसा टोचतो असं मला वाटत नाही.

आणि हो, सगळा दोष कारखान्यांचा नसतो हेही लिहायला पाहिजे. २०१२ ला इचलकरंजीत कावीळ पसरली, माणसं गेली, तेव्हा कापडाच्या प्रोसेसिंग युनिटइतकाच प्रश्न गावांच्या सांडपाण्याचा होता. कारखान्याची वीज तोडता येते, अख्ख्या शहराची कशी तोडणार? नगरपालिका आणि महापालिकांपुढे ३३अ जवळजवळ बोथट होतं. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये लवादाने सांडपाणी आणि घनकचऱ्यावरून महाराष्ट्र सरकारलाच १२,००० कोटींची भरपाई भरायचा आदेश दिला तो याच पार्श्वभूमीवर, कारण खालच्या संस्थांना हलवायचं तर शेवटी वरच्यालाच धरावं लागतं.

आता गेल्या दोन-तीन वर्षांतलं. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवा आणि पर्यावरण संरक्षण कायद्यातली बहुतेक कैदेची कलमं काढून त्याजागी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आणला, आणि तो ठरवायला सचिव दर्जाचा वगैरे न्यायनिर्णय अधिकारी. २०२४ ला पाण्याच्या कायद्यातही तशीच दुरुस्ती झाली, पण पुन्हा तेच कलम २५२, राज्याने ठराव केल्याशिवाय ती त्या राज्याला लागत नाही. तुरुंगाची भीती गेली हे मला पटलेलं नाही, पण तुरुंगापर्यंत जायला लागायची ती वर्षं बघता लवकर लागणारा दंड कदाचित जास्त कामाचा ठरेल असंही वाटतं, माझं मत अजून पक्कं झालेलं नाही.

आणि पारावरच्या त्या प्रश्नाचं थेट उत्तर आलं ४ ऑगस्ट २०२५ ला. दिल्लीच्या प्रदूषण नियंत्रण समितीने (तिथलं मंडळच ते) काही इमारतींकडून संमतिपत्र नसल्याबद्दल पैसे आणि बँक गॅरंटी मागितली होती, दिल्ली हायकोर्टाने २०१२ ला सांगितलं की हा दंडच झाला, तो तुम्हाला करता येणार नाही, कोर्टात जा. सुप्रीम कोर्टाने तेरा वर्षांनी ते फिरवलं. शिक्षा म्हणून केलेला दंड वेगळा आणि झालेलं नुकसान भरून काढायला किंवा होऊ घातलेलं टाळायला घेतलेले पैसे वेगळे, दुसरी गोष्ट ३३अ आणि ३१अ खाली मंडळं करू शकतात, ठरलेली रक्कमही मागू शकतात आणि गॅरंटीही. फक्त एक अट घातली, रक्कम कशी ठरवायची आणि सुनावणी कशी द्यायची याचे नियम आधी करायचे, मगच अधिकार वापरायचा. म्हणून यापुढे बंधाऱ्यावर कुणी अधिकारी भेटले तर दंड का करत नाही असं न विचारता ते भरपाईचे नियम आले का, आणि या सॅम्पलवर किती दिवसांची भरपाई लावणार, असं विचारा.