लाल झालेल्या बुखारीवर पाणी ओतू नका
काश्मीर-लडाखच्या होमस्टेत बुखारी, म्हणजे लाकडावर चालणारी पत्र्याची शेगडी, लालभडक झाली की कुणीतरी हमखास सुचवतं: दार उघडा, धग बाहेर जाऊ द्या, नाहीतर पाणी मारा. दोन्ही सल्ले उलटे आहेत.

दार उघडलं की आगीला जास्त हवा मिळते. चुलीला फुंकणीने फुंकतो ते कशासाठी? पाणी तर त्याहून वाईट. वाफ होताना ते सुमारे १,६०० पट फुगतं आणि राख-निखाऱ्यांसकट तोंडावर येतं. वर तापलेला पत्रा वाकतो, बिडाची शेगडी असेल तर तडकते.

करायचं एवढंच: खालून हवा येते ती वाट बंद करा, नवं लाकूड घालू नका, आणि धीर धरा, फरक लगेच दिसत नाही. धुराड्याची झडप मात्र पूर्ण लावू नका, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू खोलीत साचतो. त्याला वास नसतो, म्हणून खिडकी थोडी उघडी हवीच.

धुराड्यातून घरघर ऐकू आली तर आतली काजळी पेटलेली असू शकते. तेव्हा आधी सगळ्यांना बाहेर काढा आणि ११२ला फोन करा.