संशयास्पद मृत्यूचा खासगी तपास

पोलिसांनी आत्महत्या, अपघात किंवा नैसर्गिक मरण ठरवलेल्या, पण घरच्यांना न पटलेल्या मृत्यूची कुटुंबाने स्वखर्चाने केलेली चौकशी. हे काम खासगी गुप्तहेर, वकील किंवा निवृत्त पोलीस अधिकारी करतात. पुष्कळदा आईवडीलच करतात.

महाराष्ट्रात असा मृत्यू आधी पोलीस ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ म्हणून नोंदला जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 नुसार (1 जुलै 2024 पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 174) मरणोत्तर पंचनामा होतो, मृतदेह शवविच्छेदनाला जातो, गरज पडल्यास व्हिसेरा (रासायनिक तपासणीसाठी काढलेले आतील अवयवांचे नमुने) राखून ठेवतात. या चौकशीत मरणाचे सकृद्दर्शनी कारण तेवढे पाहिले जाते. कोणी आणि का केले, याचा तपास गुन्हा दाखल झाल्यावरच सुरू होतो, आणि नातेवाईक अडतात ते इथेच. मुंबईत 1999 पर्यंत कॉरोनर, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, होता. ते पद रद्द झाले. इंग्लंडमध्ये आजही कॉरोनरसमोर मृताचे नातेवाईक साक्षीदारांना प्रश्न विचारू शकतात. आपल्याकडे घरच्यांना प्रश्न विचारायला अशी हक्काची जागा नाही, ही मोठी उणीव आहे.

खासगी गुप्तहेराला सामान्य नागरिकापेक्षा जास्त अधिकार नाहीत. या व्यवसायाच्या नियमनासाठी 2007 मध्ये राज्यसभेत मांडलेल्या विधेयकाचा कायदा झाला नाही. गुप्तहेर झडती घेऊ शकत नाही, कोणाला जबाबासाठी बोलावू शकत नाही. फोनचे सीडीआर (कोणाला कधी फोन केले-आले याच्या नोंदी) बेकायदा मिळवल्याच्या प्रकरणात ठाणे पोलिसांनी 2018 मध्ये खासगी गुप्तहेरांनाच अटक केली होती. ‘सीडीआर काढून देतो’ म्हणणाऱ्याला कुटुंबाने काम देऊ नये. शेजारी, सहकारी, रिक्षावाले यांना भेटणे, शेवटच्या दिवसाचा तासातासाचा क्रम लावणे, पंचनामा आणि शवविच्छेदन अहवाल यांतली विसंगती हेरणे, अहवाल व छायाचित्रे न्यायवैद्यक तज्ज्ञाला दाखवणे, हे सारे कायदेशीर आहे. सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची लेखी मागणी लगेच करावी लागते. न्यायालयात त्याच्या प्रतीसोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचे प्रमाणपत्र लागते.

सर्वांत मोलाचा पुरावा मृतदेहच असतो. फेब्रुवारी 2008 मध्ये गोव्यात हणजूणच्या किनाऱ्यावर 15 वर्षांच्या एका ब्रिटिश मुलीचा मृतदेह सापडला. पोलिसांनी बुडून मृत्यू म्हटले. आईने ते मानले नाही, दुसऱ्या शवविच्छेदनाचा आग्रह धरला. त्यात अंगावर अनेक जखमा आढळल्या आणि खुनाचा गुन्हा नोंदला गेला. पुढे तपास सीबीआयकडे गेला. 2016 मध्ये गोव्याच्या बाल न्यायालयाने दोन्ही आरोपींना निर्दोष सोडले. 2019 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्यांतल्या एकाला दोषी ठरवून 10 वर्षांची शिक्षा दिली. दहन झाले असते तर दुसरे शवविच्छेदन झालेच नसते. शंका असलेल्या घरावर ‘लवकर उरकून घ्या’ म्हणून दबाव आणणारे आप्त त्यामुळे नकळत फार मोठे नुकसान करतात.

खासगी अहवाल स्वतः पुरावा ठरत नाही; तो तयार करणाऱ्याला साक्ष द्यावी लागते. त्याचा उपयोग गुन्हा नोंदवून घेण्यासाठी होतो. पोलीस ठाण्याने आणि मग पोलीस अधीक्षकांनी दाद दिली नाही, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 175(3) खाली प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे तपासाचा आदेश मागता येतो. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवण्यासाठी राज्यघटनेच्या अनुच्छेद 226 नुसार उच्च न्यायालयात याचिका करतात.