जुन्या चासीवर दुसऱ्या पिकअपची केबिन : आरटीओची परवानगी, पात्रता आणि कागदपत्रं

आरटीओच्या लेखी गाडी म्हणजे तिचा चासी नंबर, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यावर कोरलेला नंबर. भंगारवाल्याकडे एखाद्या देखण्या पिकअपची धडधाकट केबिन मिळाली आणि ती तुम्ही तिच्याहून जुन्या, दुसऱ्याच मॉडेलच्या चासीवर बसवली, तरी कागदावर गाडी चासीचीच राहते. केबिनचं साल किंवा तिच्या मूळ गाडीचं आरसी (नोंदणी प्रमाणपत्र) चासीला लागू होत नाही. त्यामुळे गॅस कटर पेटवण्याआधी परवानगीचं बघा.

मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 इथे लागू होतं. आरसीवरचा तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच बजावलं. आता आरसी काढून वाचा. बॉडीचा प्रकार, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर), आसनं, रिकाम्या गाडीचं वजन, रंग, सगळं तिथे आहे. परकी केबिन बसवायची तर माउंटिंग, म्हणजे केबिन चासीला धरून ठेवणारे आधार, नव्याने वेल्ड करावी लागतात, स्टिअरिंग कॉलमचा कोन बदलतो, कधी चासीची लांबीच कमी-जास्त करावी लागते. चासीला हात लागला की बदल थेट मूळ रचनेत जातो.

त्याच मेक-मॉडेलची केबिन असेल तर गंजलेला भाग बदलला, अशी दुरुस्ती म्हणून बाजू मांडता येते. मॉडेल वेगळं असेल तर मंजुरीची आशा कमीच, हे मी स्पष्टच सांगतो. हौसेपोटी पैसे गुंतवून बसलेल्या माणसाला हे नंतर कळलं तर फार लागतं.

अर्ज परिवहन विभागाच्या ऑनलाइन सेवेतून किंवा गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे तिथे, काम सुरू करण्याआधी करायचा. सोबत आरसी, चालू विमा, पीयूसी, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, चासी व इंजिन नंबरची पेन्सिल छाप आणि केबिन खरेदीचं बिल ठेवा. गाडी मालवाहू म्हणून नोंदलेली असेल तर फिटनेस प्रमाणपत्रही जोडा, आणि कर्ज असेल तर वित्त कंपनीची लेखी संमती. कुठे काय बदलणार याचं मापांसकट साधं रेखाचित्र दिलंत तर निरीक्षकाशी बोलणं सोपं जातं. मंजुरीनंतर काम पूर्ण झालं की 14 दिवसांत कळवून आरसीत नोंद करून घ्यायची. त्या वेळी वजनकाट्याची पावती हाताशी ठेवा. विमा कंपनीलाही लेखी कळवा.

परवानगीविना बदल केला तर कलम 182अ नुसार प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं.

'व्हिंटेज म्हणून नोंदवू की!' असं बरेच जण म्हणतात. 2021 च्या नियमांत त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं उलटलेली असावी लागतात, आणि गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. शिवाय ही सोय दुचाक्या आणि प्रवासी वर्गातल्या चारचाक्यांसाठी आहे, मालवाहू पिकअप तिच्यात बसत नाही. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं, आणि रोजच्या वापराला गाडी काढता येत नाही. दोन गाड्या जोडून केलेली पिकअप घेऊन या रांगेत उभं राहू नका.

ज्या गाडीची केबिन काढली तिचं काय, हा प्रश्न बहुतेकांच्या डोक्यातच येत नाही. ती गाडी कायमची निकामी झाली असेल तर कलम 55 प्रमाणे तिच्या मालकाने 14 दिवसांत कळवून आरसी जमा करायचं असतं. केबिन विकत घेताना त्या रद्द नोंदणीच्या कागदाची प्रत मागून घ्या आणि बिलावर त्या गाडीचा नंबर लिहून घ्या.